टेकऑफ ट्रिम: हिरव्या पट्ट्यात काटा नेमका कुठे?

ट्रिमच्या मापकावर हिरव्या पट्ट्यात काटा आला की ट्रिम झाली, असं धरून थ्रॉटल पुढे सारणारे सिमवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवणारे, पुष्कळ आहेत. विमान उडतंही. पण एखाद्या दिवशी व्ही-आरच्या, म्हणजे नाक उचलायच्या ठरलेल्या वेगाच्या, आधीच नाक वर येतं, एखाद्या दिवशी स्टिक पोटापर्यंत ओढली तरी चाकं जमीन सोडत नाहीत, आणि खापर फुटतं जॉयस्टिकवर नाहीतर सिमच्या फ्लाइट मॉडेलवर. हिरवा पट्टा म्हणजे ठरलेली एक जागा नव्हे, ती हद्द आहे. त्या हद्दीत काटा कुठे उभा करायचा, हे विमानात वजन कुठे बसलंय त्यावर ठरतं आणि ते काढायला फार वेळ लागत नाही.

इथे कोल्हापूरच्या, उजळाईवाडीच्या आपल्या विमानतळावरून एक उड्डाण धरून सगळ्या पायऱ्या सांगतो. विमान सायटेशन सीजे-४, म्हणजे छोटं बिझनेस जेट, सिम मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअरवाल्यांना जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगेन. हे सगळं सिमपुरतं आहे. खऱ्या विमानात त्या विमानाचं मॅन्युअल सांगेल तेच खरं.

शेपूट काय करते

विमानाचं वजन सीजीवर, म्हणजे गुरुत्वमध्यावर, खाली ओढतं. पंखांची उचल त्याच्या थोडी मागे लागते. त्यामुळे नाक कायम खाली जायला बघतं, आणि ते सावरायला शेपटीवरचा आडवा पंख खाली दाब देत असतो. सीजी जितका पुढे, तितका शेपटीला दाब जास्त द्यावा लागतो. ट्रिम म्हणजे हा दाब किती हवा ते आधीच ठरवून ठेवणं, म्हणजे स्टिकवर हाताचा जोर लावून बसायला नको.

गळिताच्या हंगामात दोन चाकी ट्रॉली पुढच्या अंगाला जास्त भरली की भार ट्रॅक्टरच्या मागच्या टोकावर पडतो, त्याचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग धरत नाही, हे कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. सीजी मागे गेलेल्या विमानाचं तसंच होतं. नाक नको इतकं सहज उठतं. तिथे नोज-अप, म्हणजे नाक वर आणणारी, ट्रिम कमी लागते. सीजी पुढे असेल तर जास्त.

आता बिझनेस जेटची एक खासियत. इंजिनं मागे, बुडख्याच्या दोन्ही बाजूंना. तेवढं वजन मागे असल्यामुळे पंखही मागे सरकवलेले असतात आणि केबिनचा बराचसा भाग पंखांच्या पुढे येतो. म्हणून रिकामं विमान, फक्त दोन पायलट, असं असलं की सीजी मागच्या बाजूला झुकतो आणि माणसं बसत गेली की पुढे सरकतो. सिममध्ये आपण बहुतेक वेळा रिकामंच विमान उडवतो आणि ट्रिम मात्र भरलेल्या विमानाची लावतो. नाक आपोआप वर येण्याच्या निम्म्या तक्रारी इथल्याच.

उडायच्या आधी, सेटिंगमध्ये

पहिलं काम असिस्टन्सच्या पानावर. तिथे एआय ऑटो-ट्रिम नावाचा पर्याय आहे, तो बंद करा. तो चालू असला तर तुम्ही लावलेली ट्रिम सिम हवेत आपल्या मर्जीने बदलत राहील आणि तुम्हाला काय चुकलं ते कधीच कळणार नाही.

मग बटणं. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये नमपॅडवरचं ७ नोज-डाउन आणि १ नोज-अप असतं. फ्लाइटगिअरमध्ये होम आणि एंड. एक्स-प्लेनमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘ट्रिम’ असं शोधा आणि पिच ट्रिमच्या दोन्ही कमांड स्टिकवरच्या चार दिशांच्या टोपीला द्या. अंगठ्याखाली ट्रिम असणं हेच जेटचं खरं वळण आहे. खऱ्या विमानातही ती योकवरच्या स्विचवर असते.

ट्रिमसाठी ॲक्सिस, म्हणजे फिरतं चाक, जोडू नका असं माझं मत आहे. आमच्यातल्या एकाने उद्यमनगरात लेथवर पितळी ट्रिम व्हील करून घेतलंय. काम असं सुरेख की हातात घेतलं की सोडवत नाही. सेसना १७२ ला ते उत्तम. पण जेटमध्ये ऑटोपायलट स्वतः ट्रिम हलवत असतो आणि टेबलावरचं चाक मात्र होतं तिथेच राहतं. ऑटोपायलट काढला आणि चाकाला चुकून धक्का लागला की ट्रिम उडी मारून चाकाच्या जागेवर येते आणि विमान खाडकन नाक वर किंवा खाली टाकतं. बटण फक्त ‘थोडं वर, थोडं खाली’ एवढंच सांगतं, त्यामुळे ही भानगड नाही.

जॉयस्टिक मधोमध सोडल्यावर सिममध्येही मधोमधच दिसते का, तेही एकदा बघून घ्या. स्टिक दोन टक्के मागे ओढलेली दिसत असेल तर ट्रिम कितीही अचूक लावा, विमान नाक वर करणारच. थोडा डेड झोन, म्हणजे मध्याजवळची हालचाल सिमने न मोजण्याची जागा, ठेवला की काम भागतं.

वजन भरा, सीजी वाचा

इथे घाई करायची नाही. सगळा खेळ याच पानावर आहे.

मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिममध्ये वरच्या टूलबारमध्ये वजनाची खिडकी आहे. २०२४ मध्ये ते काम टॅबलेटवर होतं. एक्स-प्लेनमध्ये विमान निवडताना ‘कस्टमाइझ’ मध्ये गेलात की वजन, तोल आणि इंधन एकाच जागी मिळतं. इंधन आधी ठरवा, मग माणसं, मग सामान. सगळं भरून झाल्यावर सीजीचा आकडा टक्क्यांत दिसतो. हे टक्के पंखाच्या सरासरी रुंदीचे, ज्याला मॅक म्हणतात. आकडा लहान म्हणजे सीजी पुढे, मोठा म्हणजे मागे. शेजारी पुढची आणि मागची मर्यादा असते. तिन्ही आकडे कागदावर लिहा.

उदाहरणाला आकडे घेऊ. ते समजण्यापुरतेच आहेत, तुमच्या विमानाचे तुमच्या खिडकीतून घ्या. मर्यादा समजा १७ आणि ३१ टक्के. रिकाम्या विमानात सीजी आला २८ वर. आता केबिनमध्ये चारजण बसवले, प्रत्येकी ७५ किलो, एकूण ३०० किलो, आणि ते सरासरी सीजीच्या दोन मीटर पुढे बसले. विमानाचं एकूण वजन झालं ६,६०० किलो. सीजी किती सरकला? ३०० गुणिले २ भागिले ६,६००, म्हणजे साधारण नऊ सेंटिमीटर. मॅक दोन मीटर धरली तर साडेचार टक्के. म्हणजे सीजी २८ वरून २३.५ वर आला.

चार माणसांनी एवढा फरक पडतो. दोन मर्यादांमधलं अंतर अख्खं चौदा टक्क्यांचं, त्यातला तिसरा हिस्सा या चारजणांनीच खाल्ला. म्हणून ‘मागच्या वेळी होती तीच ट्रिम’ हा हिशोब चालत नाही.

सीजी मर्यादेच्या बाहेर गेला तर ट्रिमने तो भरून काढायच्या फंदात पडू नका. २ फेब्रुवारी २००५ ला न्यू जर्सीतल्या टेटरबरो विमानतळावर एक चॅलेंजर ६०० जेट धावपट्टीवरून उठलंच नाही. कुंपण तोडून, रहदारीचा रस्ता ओलांडून ते समोरच्या गोदामात घुसलं. नशिबाने कुणी दगावलं नाही. अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीच्या चौकशीत निघालं, की सीजी पुढच्या मर्यादेच्याही बराच पुढे होता आणि त्यामुळे ठरलेल्या वेगाला नाक उचललंच गेलं नाही. सिममध्ये हे करून बघायला हरकत नाही. पुढच्या जागांवर भरमसाठ वजन टाका आणि स्टिक ओढत बसा, काय होतं ते कळेल.

फ्लॅप आधी, ट्रिम नंतर

सीजे-४ ला टेकऑफसाठी फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली उतरणाऱ्या पट्ट्या, शून्य किंवा १५ अंश. उजळाईवाडीला मी १५ शिवाय विचार करत नाही. कारण धावपट्टी. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे. सीजे-४ ला पूर्ण वजनाला कागदावर ३,४१० फूट, म्हणजे जवळपास १,०४० मीटर लागतात. पण ते समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानाला. एप्रिलच्या दुपारी पारा ३६ वर असला तर दोन हजार फुटांवर अपेक्षित असलेल्या ११ अंशांपेक्षा तो २५ ने जास्त झाला. दर अंशाला १२० फूट धरले तर आणखी तीन हजार फूट. विमानाला वाटतं आपण पाच हजार फुटांवर आहोत. त्यात सिमच्या जुन्या डेटामध्ये आपली धावपट्टी अजून १,३७० मीटरचीच दिसते. प्रत्यक्षात ती वाढवलेली आहे, पण तुमच्या सिमला ते ठाऊक आहे का, ते आधी नकाशावर बघा.

आता एक गैरसमज. उकाडा जास्त म्हणून ट्रिमही जास्त, असं काही नसतं. व्ही-आर हा दाखवलेला वेग असतो आणि शेपटीला हवेचा जोर त्या दाखवलेल्या वेगानेच मिळतो. थंडीत मिळतो तेवढाच उन्हाळ्यात. फक्त त्या वेगाला पोचायला धावपट्टी जास्त लागते. ऊन धावपट्टीच्या हिशोबात धरा, ट्रिमच्या नको.

फ्लॅपचं मात्र तसं नाही. फ्लॅप शून्य ठेवला की व्ही-आर वाढतो आणि विमानाचा तोलही बदलतो, म्हणून ट्रिमची जागाही बदलते. वहीत नोंद करताना फ्लॅप किती होता ते लिहायलाच हवं.

काटा लावा

लावण्याआधी ट्रिम चालते का ते बघा. एका टोकाला न्या, दुसऱ्या टोकाला न्या. मग बाहेरचा कॅमेरा लावून शेपटीकडे बघा. सायटेशनच्या सीजे मालिकेत एलिव्हेटरच्या, म्हणजे शेपटीच्या आडव्या पंखाच्या हलत्या भागाच्या, मागच्या कडेला छोटी पट्टी असते, तिला टॅब म्हणतात. नोज-अप ट्रिम दिली की ही पट्टी खाली वळते. पहिल्यांदा बघणाऱ्याला उलटंच वाटतं. पट्टी खाली गेली की हवा एलिव्हेटरला वर ढकलते, एलिव्हेटर वर गेला की शेपूट खाली दबते आणि नाक वर येतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की ट्रिमची दिशा आयुष्यात चुकत नाही.

आता काटा. पट्ट्याचं नोज-अप टोक म्हणजे सीजीची पुढची मर्यादा आणि नोज-डाउन टोक म्हणजे मागची, असं धरा. विमानाच्या मॅन्युअलमध्ये तक्ता असेल तर तो पहिला. नसेल तर हा ठोकताळा चांगला चालतो. वरच्या उदाहरणात रिकाम्या विमानाचा सीजी २८, मागची मर्यादा ३१. तीन टक्क्यांचं अंतर, चौदापैकी तीन. म्हणजे काटा नोज-डाउन टोकापासून पट्ट्याच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर. चारजण बसल्यावर २३.५, म्हणजे जवळपास मधोमध. पुढच्या जागा भरून सीजी १९.५ वर आला तर नोज-अप टोकापासून पाचवा हिस्सा.

बटण दाबून धरू नका, टिचक्या मारा. दाबून धरलं की काटा हवा त्याच्या पुढे जातो आणि मग मागेपुढे करत बसावं लागतं. काटा हवा तिथे आला की रडर ट्रिम (नाक डावी-उजवीकडे) आणि एलेरॉन ट्रिम (पंखांचा कल) शून्यावर आहेत ना, ते बघा. टेकऑफच्या वेळी विमान एका बाजूला ओढत असेल तर बऱ्याचदा मागच्या उड्डाणातली रडर ट्रिम तशीच राहिलेली असते.

एक्स-प्लेनमध्ये ‘पिच ट्रिम टेकऑफ’ अशी एक कमांड आहे, बटण दाबलं की ट्रिम जागेवर. नवशिक्याला सोयीची, पण तिला तुमच्या केबिनमध्ये किती माणसं बसलीत ते माहीत नसतं. सुरुवात म्हणून ती दाबा आणि तिथून सीजीप्रमाणे सरकवा.

इशारा गप्प आहे म्हणजे सगळं ठीक, असं नाही

टेकऑफ कॉन्फिगरेशनची सूचना बहुतेक जेटना असते. सायटेशनमध्ये फ्लॅप, स्पीडब्रेक किंवा ट्रिम हद्दीबाहेर असेल तर ‘नो टेकऑफ’ असा संदेश येतो. तो बघून थ्रॉटल मागे घ्या आणि कारण शोधा. पण संदेश फक्त हद्द बघतो. रिकाम्या विमानात काटा नोज-अप टोकाशी असेल तरी तो हिरव्यातच आहे, म्हणून इशारा गप्प बसतो. नेमकी तिथेच फसगत होते.

धावपट्टीवर

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून धावपट्टी २५. रेषेवर या, एफएमएसमधले, म्हणजे विमानाच्या संगणकातले, टेकऑफचे तीन वेग व्ही-वन, व्ही-आर, व्ही-टू पडद्यावर आलेत ना बघा, आणि थ्रॉटल एका दमात पण हळुवार पुढे.

वेग वाढत असताना स्टिक मोकळी ठेवा, हात नुसता टेकलेला. ट्रिम बरोबर आहे का, हे इथेच कळतं. व्ही-आरच्या दहा-पंधरा नॉट आधीच नाकाचं चाक हलकं होऊन नाक वर यायला लागलं तर नोज-अप जास्त झाली. स्टिक थोडी पुढे दाबून नाक धरा, थांबता येण्याजोगं असेल तर थांबा. व्ही-आरला स्टिक ओढल्यावर नाक जड वाटत असेल, निम्म्याहून जास्त ओढूनही सावकाश उठत असेल, तर नोज-अप कमी पडली. बरोबर ट्रिममध्ये थोड्याशा ओढीने नाक सेकंदाला तीन अंश या चालीने उठतं आणि दहा-बारा अंशांवर स्टिक जवळजवळ मध्यावर आणली तरी तिथेच थांबतं.

चाकं उचलली, उजव्या हाताला शहर आणि त्यापलीकडे रंकाळा दिसायला लागला, की खरं ट्रिमचं काम सुरू. गिअर वर, मग ठरलेल्या वेगाला फ्लॅप वर. वेग वाढत जातो तसं नाक वर जायला बघतं, म्हणून नोज-डाउन टिचक्या. थ्रॉटल चढाईच्या ताकदीवर मागे घेतलं की आणखी एक बारीक फरक पडतो. मागची इंजिनं सीजीच्या रेषेपेक्षा वर असतात, त्यांचा जोर नाक किंचित खाली दाबत असतो. जोर कमी झाला की नाक जरा वर येतं.

पद्धत अशी: आधी स्टिकने नाक हवं तिथे धरा, मग ट्रिम टिचक्यांनी देत देत स्टिक हळूहळू मध्यावर सोडा. ट्रिमनेच नाक वर-खाली करायला गेलात तर विमान लाटेवर चालल्यासारखं डुलत राहील. हात मोकळा सोडून विमान पाच-सात सेकंद सरळ गेलं की मगच ऑटोपायलट लावा. ट्रिम नसताना लावला की तो पहिल्याच क्षणी झटका देतो, कारण तुमच्या हातातला जोर अचानक त्याच्या गळ्यात पडतो.

उतरल्यावर

ही पायरी सगळ्यात जास्त राहते. उतरताना वेग कमी असतो, म्हणून ऑटोपायलटने किंवा तुम्ही भरपूर नोज-अप ट्रिम दिलेली असते. चाकं टेकली तरी ती तशीच राहते. इचलकरंजीचा एक मित्र उतरून, वळून, लगेच पुन्हा निघाला. माइकवर त्याचा आवाज आला, “आरं भावा, ह्ये आपसूकच उठाय लागलंय की!” आणि पुढच्या क्षणाला स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटत असल्याचा, इशारा वाजायला लागला. त्याने वजन, फ्लॅप, वेग सगळं पुन्हा बघितलं होतं, ट्रिम तेवढी राहिली होती.

म्हणून धावपट्टी सोडल्यावर फ्लॅप वर घेता घेता ट्रिमही टेकऑफच्या जागी आणा, हाताला तशी सवयच लावा. टच-अँड-गो, म्हणजे चाकं टेकवून न थांबता पुन्हा उड्डाण, करायचं असेल तर दोघांशिवाय मजा नाही: एकजण दिशा धरतो, दुसरा फ्लॅप आणि ट्रिम लावतो. एकट्याने करायचं तर धावपट्टी लांब निवडा. उजळाईवाडी त्यासाठी नाही.

आणखी एक. धावपट्टीवरूनच उड्डाण सुरू केलं तर सिम बऱ्याचदा ट्रिम स्वतःच लावून देतं. पार्किंगमधून, सगळं बंद असलेल्या अवस्थेतून सुरू केलं तर ती कुठेही असू शकते. आपण धावपट्टीवरून सुरू करून शिकतो आणि पार्किंगवर आल्यावर गोंधळतो, त्याचं कारण हेच.

दुसऱ्या जेटवर जाताना

लिअरजेट ३५, चॅलेंजर ६५० किंवा लाँगिट्यूडमध्ये टॅब नाही. तिथे मोटर अख्खा आडवा पंखच फिरवते. त्याची ताकद टॅबपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून काट्यातली छोटी चूकही मोठी पडते. तिथे टिचक्या आणखी बारीक मारा आणि तक्ता असेल तर ठोकताळ्यावर जाऊ नका. एक्स-प्लेनवरच्या हॉट स्टार्टच्या चॅलेंजरमध्ये तर वजन आणि तोलाचा हिशोब आधी केल्याशिवाय ट्रिम लावण्यात अर्थच नाही.

प्रत्येक विमानासाठी वहीत एक पान ठेवा. रकाने पाच: एकूण वजन, सीजी टक्के, फ्लॅप, काटा कुठे लावला, आणि नाक कसं उठलं. शेवटच्या रकान्यात ‘लवकर’, ‘जड’ किंवा ‘बरोबर’ एवढंच लिहा. ‘लवकर’ आलं तर पुढच्या वेळी त्याच सीजीला काटा पट्ट्याच्या दहाव्या हिश्श्याने नोज-डाउनकडे, ‘जड’ आलं तर तेवढाच नोज-अपकडे. सिमचं किंवा ॲड-ऑनचं अपडेट आलं की नवं पान सुरू करा, कारण फ्लाइट मॉडेल बदललं की जुन्या नोंदी निकामी होतात.